खालच्या टोकाचा जवाब

सकाळचा उजेड टेकडीवर एकदम येत नसे. आधी तो पाण्याच्या टाकीच्या वरच्या कठड्यावर उतरे आणि तिथे बसलेल्या कबुतरांच्या पाठी तेवढ्या करड्याच्या निळसर करी. मग बराच वेळ काहीच घडत नसे; आणखी खाली यावं की नाही, याचा जणू तो विचार करीत बसे. त्यानंतर टाकीच्या खांबांवरून, जुन्या गळतीच्या पांढऱ्या ओघळांवरून तो बोटाबोटाने खाली सरके, पायथ्याच्या बाभळीच्या शेंड्यांत अडके, आणि तिथून सुटला की समोरच्या गल्लीत घराघरांपुढे मांडलेल्या निळ्या ड्रमांवर येई. ड्रम रिकामे असत. उजेड त्यांच्यात तळापर्यंत जाई आणि तळाशी काही नाही हे पाहून तसाच पडून राही. सगळ्यांत शेवटी तो रस्त्याच्या कडेला रचलेल्या नव्या काळ्या पाइपांपाशी पोहोचे. माणूस वाकून आत शिरेल एवढाली त्यांची तोंडं. तिथे मात्र तो हातभर आत जाई, आणि पुढे जायला नकार दिल्यासारखा गोल कडेवर बसून राही.

त्रिंबक हा उजेड पाच दिवसांतून एकदा पाही, कारण त्या साली शहराच्या या भागाला पाणी पाच दिवसांतून एकदा मिळे. चेंबरचं लोखंडी झाकण बाजूला सारून तो खड्ड्याच्या काठावर बसे, छातीइतकी उंच चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवी, आणि ती फिरवण्याआधी कमरेचा हातोडा काढून पाइपावर तीन ठोके देई. मग चावीच्या दांड्याला कान लावून डोळे मिटी.

आजही त्याने कान लावला. आधी काहीच नव्हतं. कोरड्या पाइपातलं हे काहीच नसणंही त्रिंबकला ओळखता येई: लांबलचक, थंड, आत आत ओढून घेणारा एक श्वास. आणि मग फार खालून, जमिनीच्या पोटातून, ते आले. एक. दोन.

"हाय," तो स्वतःशी म्हणाला. "हाय खाली."

हल्ली हे ठोके जरा उजळ वाजत. पूर्वीचा ठोका बोथट होता, पहिला जड आणि दुसरा हलका, दोहोंमध्ये विसाव्याएवढं अंतर. आता दोन्ही सारखे येत आणि त्यांच्या कडेला पितळी किनार असे. पाइप कोरडा असला की आवाज उजळतो, असं त्रिंबकने स्वतःला सांगून टाकलं होतं, आणि एकदा सांगितलेलं तो पुन्हा तपासत नसे.

"आला का बिनतारी निरोप?" रस्त्यावर थांबलेल्या ऑफिसच्या जीपमधून कचरू ड्रायव्हरने विचारलं.

"आला."

"कोणाचा?"

त्रिंबक चावीला खांदा लावून गोल फिरू लागला. एरवी कचरू हसला असता. आज हसला नाही. खाली उतरून तो चेंबरपाशी आला.

"अप्पा, आता एकच दिवस ऱ्हायला. पुढल्या टायमाला हितून पाणी सोडायचं, आन् दुसऱ्या दिवशी ही लाइन कायमची बंद. नवी चालू. नव्या लाइनचे व्हॉल्व्ह बटनावर चालत्यात म्हणं. ठोकाठोकीचं काम नाय."

"बरं."

"बरं काय? तीस वर्षांचा पाइप हाय तुमचा."

"पाइप सरकारचा हाय. माझी नुसती चावी."

"आन् आज अकराला समद्यांनी हॉलमधी यायचं. संवादाचं शिक्षण हाय. लोकांशी बोलायचं कसं, ते शिकिवणार हायेत."

"मंग तू नगं येऊ," त्रिंबक फिरता फिरता म्हणाला. "तुला लई येतंय."

पायाखालून पाणी निघाल्याचा आवाज आला. तेवढ्यात वारा सुटला आणि रस्त्याकडेचे नवे पाइप एकामागून एक हुंकार देऊ लागले. कोणी बोलायला तोंड उघडावं आणि शब्द आठवू नये, तसा आवाज. कचरूने मान वळवली नाही, पण चालता चालता त्याचं पाऊल जरा लवकर पडलं.

*

त्रिंबकचा बाप फर्दापूरच्या डोंगरात मेंढरं वळायचा. एका उतारावर बाप, दुसऱ्या उतारावर चुलता, मध्ये दरी. धुक्यात एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून ते हाळी देत, आणि पलीकडून हाळी आली की बाप हातातला घास खाली ठेवून आधी उत्तर देई. पोराला त्याने एवढंच शिकवलं होतं. "आपण गप बसलो, तर पलीकडचा दरी उतरून येतो," तो सांगे. "धोंड्यातून, काट्यातून. आपल्याला काय झालं बघायला. आपल्या आळसापायी." डोंगरात वाढलेला तो कान घेऊन त्रिंबक शहरात आला. कुठल्या गल्लीत पाइप फुटला हे इंजिनिअरच्या यंत्राला कळत नसे, तेव्हा ऑफिस त्याला बोलावी. तो चावी रस्त्यावर टेकवी, कान लावी, चार पावलं सरके, पुन्हा कान लावी, आणि म्हणे, "हितं खांदा." तिथेच गळती निघे.

करीम त्याच्याच बरोबर रोजंदारीवर लागला होता. टेकडीवरच्या टाकीपासून निघालेली लाइन पायथ्याच्या सय्यद गल्लीत, करीमच्या अंगणाच्या कडेला संपे. वरचा व्हॉल्व्ह त्रिंबकचा, खालचा करीमचा. खालचा उघडलेला नसताना वरून पाणी सोडलं, तर आत हवा कोंडे आणि जुन्या पाइपाचे सांधे उकलत. तेव्हा कुणाकडे फोन नव्हते. म्हणून दोघांनी मिळून ही बोली केली. तीन ठोके: सोडू का? दोन ठोके: सोड. पाणी खाली पोहोचलं की एक: आलं. आणि संथ, थांबून थांबून एकेक ठोका येत राहिला, तर अजून आलं नाही, बंद करू नकोस. ऑफिसच्या कुठल्याच कागदावर ही बोली नव्हती. जगात ती येणारी माणसं दोनच होती, आणि ज्या दिवशी खिशात फोन आले त्या दिवसानंतरही त्यांनी ती सोडली नाही.

*

हॉलमध्ये भिंतीवर 'संवाद' असा मोठा फलक लावला होता. शिकवायला आलेली मुलगी समाजकार्याच्या कॉलेजात होती. नाव सुकेशनी. अंगाने किरकोळ, आणि आवाज असा हळू की मागच्या रांगेला पुढे सरकून बसावं लागलं. साहेबलोक मोबाइलमध्ये पाहत होते.

"दोन माणसं आलटून पालटून बोलली म्हणजे संवाद झाला, असं नाही," ती म्हणाली. "समोरचा बोलत असतो, तेव्हा आपण बहुतेक वेळा आपलं उत्तर जुळवत असतो. म्हणजे ऐकत कोणीच नसतं. खोलीत दोन भाषणं चालू असतात. संवादाची अट एकच आहे. समोरच्या माणसाचं खरं असू शकतं, आणि ते ऐकून मला बदलावं लागेल, ही भीती अंगावर घ्यायची तयारी."

"मॅडम, पाणी नाय आलं की बाया जे बोलत्यात, ते समदं खरंच असतं," कचरू म्हणाला. "पर ते ऐकून बदलायचं कोणी, आमी का धरणानं?"

लोक हसले. सुकेशनीही हसली. मग तिने सगळ्यांना समोरासमोर बसवलं. एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं, आणि शेवटी जे ऐकलं ते त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. माणसं एकोणीस होती. जोड्या लागत गेल्या आणि त्रिंबक उरला. तिने त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची आणून ठेवली.

"काका, हिच्यात कोणीतरी बसलंय असं समजा. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, असं कोणीतरी."

"अप्पाला खुर्ची कशाला? पाइप द्या मॅडम, पाइप!" कचरू ओरडला.

पण त्रिंबक खुर्चीकडे पाहत राहिला होता. हॉलमध्ये अठरा माणसांचा कालवा चालू होता आणि त्या कालव्याच्या मध्यभागी ती खुर्ची एखाद्या विहिरीसारखी गप्प होती. खिडकीतला उजेड तिच्या बैठकीवर पडला होता. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हले तशी बैठकीवरची सावली जराशी पुढे सरके. बसलेल्या माणसाने बोलण्याआधी पुढे झुकावं तशी.

दोन हजार तेराचा उन्हाळा. तेव्हाही धरण तळाला गेलं होतं. टेकडीच्या मागे नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्या वसाहतीचे पुढारी काकासाहेब एका संध्याकाळी त्रिंबकच्या घरी येऊन गेले होते. मोठ्या माणसासारखे खाटेच्या कडेवर बसले, पाणी नको म्हणाले, आणि त्रिंबकच्या मुलाला, भारतला, शेंद्र्याच्या एका कारखान्यात चिकटवून देतो म्हणाले. बदल्यात फार काही नको. पाण्याच्या दिवशी खालची लाइन वीस मिनिटं आधी बंद करायची आणि नव्या वसाहतीची सोडायची. कोण घड्याळ लावून बसतंय?

त्रिंबकने त्या सकाळी वीस मिनिटं आधी चावी फिरवली. पाणी अजून खाली पोहोचलेलं नव्हतं. करीमच्या घरी त्याच दिवशी त्याच्या मुलीची, अनिसाची, मंगनी होती. खुलताबादहून पाहुणे आले होते. घरात प्यायला हंडाभर उरलं होतं. हात धुवायला मशिदीच्या हौदातून बादल्या आणाव्या लागल्या, आणि बादल्या वाहणाऱ्या लाइनमनला पाहून पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं.

दुपारी करीम टेकडी चढून आला होता. अंगात नवा कुडता, घामाने पाठीला चिकटलेला.

"ग्यारा बार मार्‍या मैं," तो म्हणाला. "ग्यारा. सुन्या नै तू?"

"नाय."

"तेरे कान कू क्या हुआ?"

"वारं व्हतं."

"वारं? अरे, रस्त्याच्या खालची गळती ऐकतो तू. सो रहा था बोल, मैं मान लेता. भूल गया बोल, मान लेता. पर सुन्या नै मत बोल, त्रिंबक."

"नाय ऐकलं म्हनलो ना एकदा!"

करीमने खाली वाकून त्रिंबकचा हातोडा उचलला, त्याच्या हातात दिला, आणि म्हणाला, "ठीक है. आज से तेरे मुँह से बात नै. तेरा हात सच्चा है. हात से बोल."

त्यानंतर खरोखरच ते एकमेकांशी तोंडाने बोलले नाहीत. ऑफिसात पगाराच्या दिवशी समोर आले तर नजर बाजूला करून जात. पण पाण्याच्या दिवशी तीनला दोन येत आणि पोहोचल्याचा एक येई, कधी चुकला नाही. करीम तीन वर्षांमागे निवृत्त झाला; ऑफिसने त्याच्या जागी कोणी भरला नाही; आणि ठोके येतच राहिले. भारत आता करमाडला भाड्याने राहत होता आणि कारखान्यात पक्का झाला होता. बापाचा फोन उचलायचा तेव्हा नेहमी घाईत असायचा.

दहा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्रिंबकच्या फोनवर ओवैसचे, म्हणजे करीमच्या मुलाचे, तीन मिसकॉल आले होते. भाकरी खाता खाता त्याने पडदा उजळताना पाहिला होता. ज्या घरातून चार वर्षांत फोन आला नव्हता तिथून एका तासात तीन आले, म्हणजे काय झालं असेल, हे कळायला त्रिंबकचा कान लागत नव्हता. त्याने उचलला नाही. परत लावलाही नाही. दोन दिवसांनी पाण्याचा दिवस होता. त्याने तीन ठोके दिले. आणि खालून दोन आले. तेव्हापासून, कोणी करीमचं नाव काढलं की तो उठून जाई. एकदा तर कचरूने "अप्पा, करीमचाचा..." एवढं म्हटलं आणि हा चालत्या जीपमधून उतरायला निघाला. मग ऑफिसात कोणी ते नाव काढीनासं झालं.

त्याला करीमशी एकच वाक्य बोलायचं होतं. पाच वर्षं ते जिभेच्या टोकावर होतं, आणि ते ऐकणारा खाली आहे तोवर आज नाही तर पुढच्या खेपेला बोलता येणार होतं. लाइनच बंद होणार म्हटल्यावर आता खेपा संपल्या होत्या.

"वेळ झाली," सुकेशनीचा आवाज आला. ती त्याच्या शेजारी उभी होती. "काय बोललात काका?"

"काय नाय."

"मग काही ऐकलंत?"

त्रिंबकने दचकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

"पाण्याच्या दिवशी या वर," तो म्हणाला. "दिस उगवायच्या टायमाला. ऐकवतो."

*

ती आली. टाकीच्या कठड्यावर उजेड नुकता उतरला होता आणि कबुतरांच्या पाठी अजून करड्याच होत्या. गाडी उभी करून दोन पावलं टाकली आणि ती थबकली.

"कोण रडतंय काका?"

"कोणी नाय. नवा पाइप हाय. तोंड उघडं हाय अजून, म्हणून." त्याने झाकण सरकवलं. "आत पाणी आलं की गप होतो."

त्याने तिला चेंबरच्या काठावर बसवलं, चावीला कान कसा लावायचा ते दाखवलं, आणि आपणही पलीकडून दांड्याला कान लावला. दोघांचे चेहरे मध्ये लोखंडाची एक कांब ठेवून समोरासमोर आले. त्रिंबकने तीन ठोके दिले.

सुकेशनीचे डोळे मोठे होत गेले. आतला तो श्वास तिला ऐकू येत होता हे त्याला दिसलं. मग खालून ते आले.

"दोन!" ती कुजबुजली. "कोणीतरी आहे. खरंच आहे कोणीतरी." आणि क्षणभराने, लहान मुलाने कोडं सोडवावं तितक्या सहज, म्हणाली, "पण हा हातोडा नाही ना? आमची आई मसाला कुटायची, तसा आवाज आहे. बत्त्याचा."

त्रिंबकचा कान दांड्यालाच राहिला.

"पाइप कोरडा हाय," तो म्हणाला. "कोरडा असला की उजळ वाजतो."

"असेल."

तिने तेवढ्यावरच मान्य केलं. वाद नाही, शंका नाही. ज्याला जे हवं ते त्याच्या पदरात टाकावं तसं. आणि नेमकं तेच त्याला सोसलं नाही. त्याने चावी फिरवायला खांदा लावला आणि खांदा हलेना. रस्त्यावर काहीच आवाज नव्हता. नव्या पाइपांतला वाराही थांबला होता. टाकीच्या खांबावरून उजेड खाली सरकत होता, तेवढंच काय ते हलत होतं.

आणि त्या शांततेत खालून ठोका आला. कोणी विचारलं नव्हतं. एक. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. संथ, थांबून थांबून. अजून आलं नाही. अजून आलं नाही.

"काका, हे काय म्हणतंय?" सुकेशनीने विचारलं. तिने आपला पदर घट्ट धरला होता.

त्रिंबकने उत्तर द्यायच्या ऐवजी चावी फिरवली. एक वेढा, दुसरा, तिसरा. कधी नव्हे इतक्या घाईने, सगळा व्हॉल्व्ह. पाण्याचा लोट पाइपात कोसळला तशी जमीन बारीक थरथरली.

"हितं बसा," तो म्हणाला. "कान काढू नगा. एक ठोका आला की समजायचं, पोचलं."

"आणि तुम्ही?"

"मी उतरून येतो."

टेकडीवरून सय्यद गल्लीपर्यंतचा उतार अर्ध्या मैलाचा होता. पाच वर्षांत तो या उताराला लागला नव्हता. पाइप रस्त्याच्या मधोमध पुरलेला होता, आणि त्रिंबक बरोबर त्याच्यावरून चालत होता. न पाहता, पायांना ठाऊक असल्यासारखा. पाणी त्याच्या तळव्यांखालून चाललं होतं. तो जिथे पोहोचे तिथल्या घरांतले नळ एकदम खोकू लागत, फुसफुसत, आत कोंडलेली पाच दिवसांची हवा बाहेर टाकीत. त्या घरांतून अजून कोणी माणूस उठलेला नसे, नुसते नळ बोलत असत. एका दारातली म्हातारी कडूबाई ड्रम सरकवत होती. तिने त्याला ओळखलं.

"अगं माय, लाइनमन पाण्यासंगं खाली आला!" ती कुणाला तरी आत सांगत होती. "आज काय इपरीत हाय!"

गल्लीच्या शेवटी अंगणाचं दार उघडं होतं. भिंतीच्या कडेला पाइपाचं टोक जमिनीतून कोपरभर वर आलं होतं आणि त्याच्यापुढे, दाराकडे पाठ करून, पाटावर एक बाई बसली होती. हातात पितळी बत्ता. तिने तो उचलला, पाइपावर एकदा मारला, आणि मान कलती करून ऐकत राहिली. उजेड नुकताच भिंतीवरून तिच्या ओढणीवर आला होता.

"वहिदाभाभी," त्रिंबक म्हणाला.

ती दचकली नाही. वळून तिने त्याच्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"या भाऊ," ती म्हणाली. "पाण्याच्या आधी आलात."

तो उंबऱ्याशीच बसला. भिंतीला करीमचा हातोडा टांगलेला होता. दांड्याला धूळ.

"किती दिस झाले?" त्याने विचारलं.

"दहा महिने."

"ओवैसनं फोन केलता. तीनदा. म्या बघितला व्हता. खबर नव्हती ऐकायची मला."

"खबर?" वहिदाने बत्ता मांडीवर ठेवला. "खबरीचा नव्हता तो फोन. त्या टायमाला हे जित्ते होते. तुमच्याशी बोलायचं होतं त्यांना. तोंडानं. ओवैस फोन धरून बसला होता त्यांच्या तोंडाशी. तुम्ही उचलला नाय, मग हे बोलले, रहने दे, कहीं और पाणी छोडने गया होगा."

कुठेतरी शेजारचा नळ खोकला.

"खालचा व्हॉल्व्ह कोण फिरवतं आता?" त्रिंबकने विचारलं, काहीतरी कामाचं विचारावं म्हणून.

"कोण फिरवणार? रिटायर झाले त्या सालीच गंजून बसला, उघडाच. ओवैस म्हणायचा, अब्बा, आता कशाला ठोकता, गरज काय? तर म्हणायचे, त्रिंबक पूछता है ना. पूछा तो जवाब देना." ती जराशी हसली. "मलाही तेच सांगून गेले. तीन आले की दोन दे. बिनजवाब नको ठेवू, जिद्दी है वो, पाणीच नै छोडेगा. हातोडा मला जड पडतो. मग हा बत्ता घेतला." आणि मग, अगदी साधेपणाने, "तुम्हाला कळलं नाय का भाऊ, हात बदलला ते? तुमच्या कानाची एवढी तारीफ करायचे."

पाइप कोरडा होता, असं म्हणता आलं असतं. उत्तर तयार होतं.

"कळलं व्हतं," त्रिंबक म्हणाला. "पहिल्याच दिशी."

वहिदाने मान हलवली. तिला ते बहुधा ठाऊकच असावं.

पाइपाचं टोक गुरगुरू लागलं. हवा शिटीसारखी बाहेर पडली, तांबूस पाण्याची एक चिळकांडी आली, मग धार सरळ झाली आणि उजेडात पांढरी दिसू लागली. वहिदाने हंडा लावला. बत्त्याचा एक ठोका द्यायला तिने हात उचलला, थांबली, आणि बत्ता त्रिंबकपुढे केला.

त्याने घेतला. पाइपाच्या या खालच्या टोकाला तो पहिल्यांदाच हात लावत होता. लोखंड थंड होतं आणि आतून जिवंत. त्याने एक ठोका दिला. वर कुठेतरी एक अनोळखी मुलगी चावीला कान लावून बसली होती. तिला कळलं असेल, पोहोचलं.

"आखरी आठवड्यात एकच गोष्ट घोकायचे," वहिदा पाण्याच्या आवाजावरून म्हणाली. "तीच सांगायची होती तुम्हाला. म्हणायचे, उस दिन सच में वारा होगा. त्रिंबक कू सुनने में नै आया होगा. मैं खालीपीली उसे झूठा बोल्या. माफी मांगनी है, म्हणायचे." हंडा भरत आला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. "होतं ना भाऊ वारं?"

त्रिंबकच्या हातात बत्ता होता. धार हंड्याच्या काठावरून वाहू लागली, आणि दोघांपैकी कोणी ती हटवली नाही.

"नाय भाभी," तो म्हणाला. "वारं नव्हतं."

त्या सकाळी पान हलत नव्हतं, आणि करीमचे अकराच्या अकरा ठोके त्रिंबकला ऐकू आले होते.